वाकडे शिंग आणि विजेचा स्वर

पाचशे वर्षांपूर्वीचे वाद्य आणि विजेवर चालणारे वाद्य एकत्र बसविले, तर ती एकमेकांशी भांडतील, असा आपला सहज तर्क असतो. मी पदार्थविज्ञान शिकवितो. गाण्यातली माझी गती श्रोत्यापुरतीच. परंतु ध्वनीचे प्रकरण शिकविताना मी एक असे उदाहरण घेतो, की ज्यात हा तर्क खोटा ठरतो.

हे उदाहरण लंडनच्या 'सर्क्युलस' या वाद्यवृंदाचे. मायकेल टायक हे त्याचे प्रमुख. २००५ व २००६ साली निघालेल्या त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिकांत इंग्रजी लोकगीतांची धाटणी, जुनी युरोपीय वाद्ये आणि मूग सिंथेसायझर यांचा मेळ आहे. या प्रकाराला सायकेडेलिक लोकसंगीत म्हणतात. सायकेडेलिक म्हणजे जागेपणीच मनाला स्वप्नासारख्या अवस्थेत नेणारे. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतील तरुणांत ही धाटणी रुजली.

त्यांच्या वाद्यांपैकी क्रुमहॉर्न आपण तपासू. नावाचा अर्थ 'वाकडे शिंग'. त्याला सरसकट मध्ययुगीन म्हणतात. पण ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस पुढे आले, म्हणजे वस्तुतः प्रबोधनकाळाचे. सनईप्रमाणे यातही दुहेरी पत्ती असते. फरक असा, की सनईवादक पत्ती ओठांत धरून आवाज फुलवितो, मिटवितो. क्रुमहॉर्नची पत्ती लाकडी टोपणाखाली झाकलेली असते. गारुड्याच्या पुंगीतील पत्त्या भोपळ्यात दडलेल्या असतात, तशी. ओठांचा ताबाच नसल्यामुळे आवाज लहानमोठा करता येत नाही. फुंक कमी केली, तर स्वर मात्र उतरतो.

आता नळीकडे पाहा. सनईची नळी खाली रुंदावत जाते. म्हणून मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सर्व कंपनसंख्यांचे उपस्वर उमटतात. क्रुमहॉर्नची नळी सारख्या व्यासाची, आणि तिचे पत्तीकडील टोक बंद असल्यासारखे वागते. अशा नळीत तिप्पट, पाचपट, सातपट हे विषम उपस्वर प्रबळ होतात. त्याचा भुणभुणता आवाज यातूनच येतो.

मिनिमूग हा रॉबर्ट मूग यांच्या कंपनीचा सिंथेसायझर १९७० साली आला. त्यातील विद्युत् आंदोलक निरनिराळ्या आकारांचे तरंग निर्माण करतात व एक गाळणी वरचे उपस्वर कापते. या तरंगांपैकी चौरस तरंगात कोणते उपस्वर असतात? केवळ विषम! शिवाय मिनिमूगवर एका वेळी एकच पट्टी बोलते, आणि ती हळू दाबा की जोराने, आवाज तेवढाच. क्रुमहॉर्नचे गुण आणि मर्यादा अशा रीतीने येथे पुन्हा भेटतात. काळाने दूर असलेली ही वाद्ये ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने सगोत्र आहेत.

या मेळाला इतिहासही आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेल्या दोघा तरुणांनी 'ग्रिफन' हा वृंद काढला व १९७३ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत क्रुमहॉर्न वाजविला. १९७४ मध्ये त्यांनी त्याला सिंथेसायझरची जोड दिली. तेव्हा सिंथेसायझर नवा होता. सर्क्युलसच्या वेळेपर्यंत तोही जुना झाला होता; मूळ मिनिमूगचे उत्पादन १९८० च्या सुमारासच थांबले होते. नव्याला जुने व्हायला फार काळ लागत नाही, हे यावरून दिसते.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा मुद्दा. क्रुमहॉर्न सतराव्या शतकात मागे पडला आणि त्याची गुरुशिष्यपरंपरा तुटली. विसाव्या शतकात तो पुन्हा घडविताना जुनी चित्रे, मायकेल प्रेटोरियसचा १६१९ चा ग्रंथ आणि संग्रहालयातील नमुने यांचाच आधार घ्यावा लागला. वाद्याचा सांगाडा असा परत मिळतो. वादकाच्या बोटांतले ज्ञान मिळत नाही.

आपल्याकडे सनई, जिला आमचे कन्नड मित्र सनादी म्हणतात, अद्याप जिवंत वादकांच्या हाती आहे. मात्र लग्नमंडपात कीबोर्डची कळ दाबून सनईचा भास निर्माण करणेही आता सर्रास चालते. सर्क्युलसने विजेच्या वाद्याला जुन्या वाद्याच्या शेजारी बसविले, त्याच्या जागी नव्हे. हा भेद लहान नाही. कीबोर्डला माझा विरोध नाही. पण विद्यार्थिमित्रांनी एकदा तरी सनईवादकाजवळ बसून त्याचे ओठ आणि पत्ती यांचा व्यवहार डोळ्यांनी पाहावा. पुस्तकातले प्रकरण त्यानंतर वाचावे.