वालाचा वेल उपटू नकोस

चाकूर,
भाद्रपद शुद्ध पंचमी

चि. बाळूस मामाचे अनेक आशीर्वाद.

मांडवभर पानं आली, फूल एकही नाही, म्हणून तू वालाचा वेल उपटायला निघालायस, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. उपटू नकोस. वेलाला काही झालेलं नाही. आपला गावरान वाल दिवस लहान व्हायची वाट बघतो. जूनमध्ये लाव नाहीतर जुलैअखेर, २३ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र सारखे होऊन पुढं रात्र दिवसापेक्षा मोठी व्हायला लागली की मगच त्याला कळ्या सुटतात. दापोलीच्या विद्यापीठाचा बुटका 'कोकण भूषण' हे पाळत नाही, तो दोनेक महिन्यांत शेंग देतो. पण तू लावलायस ते आजीच्या गाडग्यातलं बी.

युरिया मात्र बंद कर. वालाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र वेलाला पुरवतात. वरून आणखी नत्र दिलास तर पानंच माजतात आणि फूल लांबतं. शेणखत घातलंयस तेवढं पुरे. आपल्या काळ्या रानात खरी भीती साचलेल्या पाण्याची. बुडाशी मातीची भर दे, आळ्यातलं पाणी बाहेर काढून दे.

फुलं आली की शेंड्यांवर काळा मावा बसेल. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की समज, तो आलाय. आधी शेंडे बोटांनी चोळून टाक. तरी आटोपला नाही तर ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, गाळून घे आणि संध्याकाळी फवार. दुकानदार बाटली पुढं करेल. जे आठवड्याला तोडून खायचं, त्यावर ती कशाला?

तू विचारलेला बाकला शेंगेचाच, पण आपल्याकडे नको. बिहार-उत्तर प्रदेशात तो हिवाळ्यात पिकतो. आपली थंडी आली म्हणेपर्यंत सरते आणि उन्हानं त्याची फुलं गळतात.

शेंगा कोवळ्या असतानाच तोडत जा, म्हणजे वेल पुन्हा फुलतो. चारदोन चांगल्या शेंगा बियाण्यासाठी वेलावरच वाळू दे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो गावरान बियाणं जपल्याबद्दल, आणि त्या बियाण्यात वालाचे वाणही आहेत. तुझ्या आजीनं तेच केलं, राखेत घालून. वाळलेले दाणे मात्र भिजवून, नीट शिजवून, ते पाणी टाकूनच खा.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळे या. भज्जीला तुरीच्या शेंगा, ओला हरभरा तोवर इथं रानात असेलच; वाल यंदा तुझ्याकडचा, किलोभर तरी आण. आंबिलीचं मी बघतो.

तुझा,
मामा