अमिरातीस जाणाऱ्यांच्या सामानाविषयी

दुबई, शारजा, अबुधाबी आदी सात अमिरातींच्या संघराज्यात महाराष्ट्रातून अनेक लोक जातात. पेहराव, मद्यपान, रमजान यांविषयीचे नियम बहुतेकांच्या कानांवर असतात. घोटाळा होतो तो घरच्या डब्यात. मुलाकडे निघालेली आई अनारसे नेते आणि अनारशावर खसखस असते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातील बी. आपल्या १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने अफूच्या वाळल्या बोंडांवर निर्बंध घातले, परंतु बी त्यातून वगळले. म्हणून ते वाण्याकडे मिळते. अमिरातीत मात्र खसखशीवर बंदी आहे व तीपायी प्रवाशांना अटकही झालेली आहे.

औषधांचेही तसेच. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध वा ट्रॅमाडॉलच्या गोळ्या न्यावयाच्या असल्यास तेथील सरकारची परवानगी आगाऊ घ्यावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. सुट्या गोळ्या पुडीत बांधण्याची आपली सवय तेथे नडते. शेजाऱ्याने दिलेले पुडके न उघडता नेणे तर त्याहून धोक्याचे, कारण ज्याच्या सामानात वस्तू सापडते, जाब त्यालाच द्यावा लागतो.

गावातून कोणी निघाल्याचे कळल्यास सरपंचांनी वा शिक्षकांनी सामान बांधण्यापूर्वीच हे सांगावे. अनारसे तिळावर थापले तरी चांगले होतात.