फुलोऱ्यापूर्वीची बेगमी

भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीकडील रानालगत फाल्गुन-चैत्राच्या सुमारास जांभूळ फुलते. मधपेटी बाळगणाऱ्या शेतकऱ्याची दृष्टी त्या फुलोऱ्याकडे लागलेली असते. तथापि पेटीत मध किती साठेल, हे पुष्कळसे सहा आठवडे आधीच ठरलेले असते. हा कार्यकारणभाव मुलांच्या ध्यानी आणून देणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

सातेरी माशीच्या अंड्यापासून कामकरी माशी तयार होण्यास सुमारे २० दिवस लागतात. पुढील दोन-तीन आठवडे ती पोळ्यातच राबते, अळ्यांना भरविते, मेणाची घरे बांधते आणि मग रानात जाते. म्हणजेच फुलोऱ्यातील मध आणणारी माशी सुमारे ४० दिवस आधी अंड्याच्या रूपाने पोळ्यात असावयास हवी.

मधाने माशीस शक्ती मिळते; परंतु अळीचे शरीर घडते ते परागातील प्रथिनांनी. तरुण कामकरी माश्या पराग खाऊन डोक्यातील ग्रंथींतून दुधासारखा रस स्रवतात व तो अळ्यांना आणि राणीस देतात. पराग संपला की हा रस आटतो व राणीचे अंडी घालणे मंदावते. थंड देशांत ही चणचण हिवाळ्यात असते; कोकणपट्टीत ती मुख्यतः पावसाळ्यात. अन्न फारच तुटले तर सातेरी माश्या पेटी सोडून निघून जातात आणि हा धंदा आपणांस लाभत नाही, असे मालक समजतो.

अशा वेळी परागाऐवजी पर्यायी अन्न देता येते. तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ ३ भाग, सुकविलेले निष्क्रिय यीस्ट १ भाग व साय काढलेल्या दुधाची भुकटी १ भाग घेऊन साखरेच्या दाट पाकात कणकेसारखे मळावे. पाकाऐवजी विकतचा मध वापरू नये. त्यातून रोग येण्याचा संभव असतो. लहान चपटा गोळा कागदावर घेऊन अळ्यांच्या चौकटींवर ठेवावा. तीन-चार दिवसांनी उरलेले अन्न काढून टाकावे. अन्यथा बुरशी येते व मुंग्या लागतात. माश्या रानातून पुरेसा पराग आणू लागल्यावर हे अन्न बंद करावे.

अन्न द्यावयाचे की नाही, हे निरीक्षणाने ठरवावे. मुलांना पेटीच्या बाजूस, दारासमोर नव्हे, सुरक्षित अंतरावर बसवावे. परतणाऱ्या माश्यांच्या मागील पायांवर परागाच्या रंगीत गोळ्या दिसतात काय, हे सकाळी पाव तास पाहून त्यांनी वहीत नोंदवावे. पुष्कळ गोळ्या येत असतील तर अन्नाची गरज नाही.

उदाहरण : जांभूळ १ मार्चला फुलणार असेल, तर ४० दिवस आधीची तारीख कोणती? (लीप वर्ष नसताना २० जानेवारी.)

गावातील जांभळीच्या पहिल्या फुलोऱ्याची तारीख शाळेने दरवर्षी नोंदून ठेवावी. काही वर्षांत ही नोंदवही मधपाळांच्याही उपयोगी पडेल. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुणे येथे १९६२ साली स्थापन झाली, हेही मुलांना सांगावे.