चेंडू, रोलर आणि फुलराणी

दिवाळीच्या सुटीला आठ दिवस उरले होते, तोच साताऱ्याहून माझ्या भाच्याचे पत्र आले. पत्र कसले, ती एक यादीच होती! ‘ती. मामांस सा. न. वि. वि. मी आणि ताई पुण्याला येत आहोत. आम्हांला क्रिकेटचा मोठा सामना दाखवावा. नेहरू स्टेडियम दाखवावे. आणि ताईला फुलराणीत बसायचे आहे.’ फुलराणीत बसण्याची इच्छा खरोखर कोणाची आहे, हे मी तत्काळ ओळखले. कारण ताई आता तेरा वर्षांची होती आणि भाऊसाहेब नुकतेच अकरा पुरे करून बारावे लागलेले होते!

ठरल्या दिवशी मी स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर गेलो. मुले उतरली. भाच्याच्या काखेत बॅट होती. त्याचा पहिलाच प्रश्न, “मामा, सामना कधी?”

“सामना या आठवड्यात नाही,” मी म्हणालो. “उद्या सकाळी आपण सराव पाहायला जाऊ.”

त्याचा चेहरा एकदम उतरला. “सराव? तो काय पाहायचा? सराव तर आमच्या गल्लीतही असतो!”

घरी जाताना मी त्याला अमेरिकेतील गंमत सांगितली. तिकडे बेसबॉल नावाचा चेंडूफळीसारखाच एक खेळ लोकांना फार प्रिय आहे. त्याचा खरा हंगाम वसंत ऋतूत सुरू होतो. पण त्यापूर्वी, फेब्रुवारी महिन्यातच, सारे मोठे संघ थंडी टाळण्यासाठी फ्लॉरिडा आणि ॲरिझोना या उबदार प्रांतांत सरावाला जातात. त्यांच्यामागोमाग खेळाचे वेडेही सुटी काढून, मुलाबाळांसह तेथे जाऊन राहतात. सकाळी सराव पाहायचा, दुपारी लुटुपुटीचा सामना पाहायचा आणि उरलेल्या वेळी मुलांना घेऊन मोठमोठ्या क्रीडोद्यानांत हिंडायचे, असा त्यांचा क्रम असतो. १९९८ ते २०१९ या काळात अटलांटा शहराचा संघ तर डिस्नेच्या प्रसिद्ध उद्यानाच्या आवारातच सरावाला उतरत असे. मोठ्या सामन्यात खेळाडू दूरवर मुंगीएवढा दिसतो. सरावाच्या वेळी मात्र तो कुंपणापाशी येऊन मुलांशी बोलतो.

“म्हणजे आपली सुटी अमेरिकेसारखीच!” ताई हसून म्हणाली.

“बरोबर. फक्त फ्लॉरिडाऐवजी स्वारगेट!” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही एका मैदानावर गेलो. पावसाळा नुकताच सरला होता. गवतावर दंव होते. मैदानाच्या मध्यभागी दोन माणसे मोठा लोखंडी रोलर ओढीत होती. रोलर पुढे जाई, मागे येई. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एका बाजूला जाळ्या बांधल्या होत्या आणि त्यांत मुले-मुली सराव करीत होती. ताई मुलींच्या जाळीपाशी उभी राहिली, ती हलेचना! सांगलीत लहानाची मोठी झालेली स्मृती मानधना महाराष्ट्राच्या संघाकडून खेळते आणि २०१३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने १९ वर्षांखालील मुलींच्या एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा काढल्या होत्या, ही माहिती तिने मलाच सुनावली.

भाचा मात्र पंधरा मिनिटांतच कंटाळला. “मामा, हा कसला खेळ? एकच चेंडू हा मुलगा दहा वेळा टाकतो आहे. आणि ते काका नुसता रोलरच फिरवीत आहेत.”

“रोलर फिरविणाऱ्या माणसाला कमी लेखू नकोस,” मी म्हणालो. “याच पुण्यात रोलर फिरविणारा एक मुलगा हिंदुस्थानातील पहिल्या प्रतीचा गोलंदाज झाला. बस येथे, सांगतो.”

आम्ही पिंपळाच्या पारावर बसलो. मी सांगू लागलो.

“त्याचे नाव पालवणकर बाळू. जन्म १८७६ सालचा. वडील सैन्यात नोकरीस होते. ज्या समाजाला त्या काळी अस्पृश्य मानीत, त्या समाजात बाळूंचा जन्म झाला. पुण्यातील पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरविण्याचे काम त्यांना मिळाले. पगार महिना ३ रुपये! पुढे १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात आले. तेथे पगार ४ रुपये झाला. काम तेच, शिवाय जाळ्या बांधायच्या, टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारायच्या. मधून मधून साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. बाळू डाव्या हाताने संथ, फिरकी चेंडू टाकीत.

“त्या क्लबात ग्रेग नावाचा एक उत्तम इंग्रज फलंदाज होता. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना चेंडू टाकायला लावी. बाळूंनी आपल्याला बाद केले, की तो दर वेळी आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. या आठ आण्यांची कथा खरी असो वा नसो. पण तासन्‌तास टाकलेल्या त्या चेंडूंनी ग्रेगचा सराव झाला, तसा बाळूंचाही झाला.”

“मग त्यांना फलंदाजीही शिकवली असेल,” भाचा म्हणाला.

“नाही. साहेबांना त्यांनी हजारो चेंडू टाकले. पण त्या जाळीत त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही.”

भाचा काहीतरी बोलणार होता. पण बोलला नाही. तो आपल्या बॅटच्या मुठीवरील दोरा उलगडू लागला.

“पुण्यातील हिंदू खेळाडूंनाही गोऱ्या साहेबांच्या संघाला हरवायचे होते,” मी पुढे सांगू लागलो. “बाळू संघात हवेत, असे काहींना वाटे, काहींना त्यांच्या जातीमुळे ते नको होते. अखेर त्यांना संघात घेतले. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत. पण चहाची वेळ झाली, की इतर खेळाडू आत जाऊन चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताटही वेगळे आणि बसण्याची जागाही वेगळी.”

“आणि पाणी?” ताईने विचारले. ती केव्हा मागे येऊन उभी राहिली, ते मला कळलेच नव्हते. “दिवसभर चेंडू टाकल्यावर त्यांना तहान लागत नसे का? ते पाणी कोठे पीत?”

या प्रश्नाचे उत्तर देणे मला जड गेले. हात-तोंड धुवायचे झाले, तरी त्यांच्याच सारखा अस्पृश्य मानलेला एखादा नोकर कोपऱ्यात पाणी घेऊन येई, असे वाचलेले मला आठवत होते. ते मी सांगितले. ताई रोलरकडे पाहत राहिली.

“आता तुमच्या साताऱ्याची गोष्ट,” मी म्हणालो. साताऱ्याचे नाव निघताच भाच्याने मान वर केली. “साताऱ्याला इंग्रजांचा एक जिमखाना होता. पुण्याचा हिंदू संघ तेथे सामना खेळायला गेला. बाळूंच्या फिरकीचा धाक एवढा, की चेंडू वळूच नये म्हणून साताऱ्याच्या माळ्याला आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवायला सांगितले होते, असे म्हणतात. पण ज्याचे बालपणच रोलरमागे गेले, त्याला त्या खेळपट्टीचे काय भय? त्यांनी सात गडी बाद केले आणि पुणेकर जिंकले! पुण्यात त्यांची मिरवणूक निघाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. आणि ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कोणती, असे त्या खेळाडूंना स्पष्ट विचारले.”

पुढचा भाग मी थोडक्यात सांगितला. बाळू मुंबईस गेले. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईच्या सामन्यात युरोपियनांना हरविले, त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये हिंदी संघ विलायतेस गेला. तो संघ बहुतेक सामने हरला. परंतु एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळविले. तरुण भीमराव आंबेडकरांना त्यांचा अभिमान वाटे. एवढे असूनही हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्यांची निवड कधी झाली नाही. १९२३ साली तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. १९५५ मध्ये बाळू वारले.

गोष्ट संपली तेव्हा उन्हे वर आली होती. भाच्याने अचानक विचारले, “मामा, मी रोलर ओढू का?” त्या काकांनी आनंदाने होकार दिला. दोन फेऱ्यांतच साहेबांना घाम फुटला! काका म्हणाले, “बाळ, ओढायला जोर लागत नाही, थांबवायला लागतो.” हे वाक्य मला तरी नवे होते.

दुपारी आम्ही नेहरू स्टेडियमकडे गेलो. बाहेरून पाहता ते काही भव्य वाटत नाही. आता आंतरराष्ट्रीय सामने शहराबाहेर, गहुंजे येथे २०१२ साली उघडलेल्या मैदानावर होतात. तेथे फेब्रुवारी २०१७ मध्ये झालेल्या पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाने आपल्याला ३३३ धावांनी हरविले, ही आठवण भाच्याने स्वतःच काढली आणि स्वतःच गप्प झाला! पण या जुन्या मैदानाने जे पाहिले, ते क्वचितच कोठे पाहायला मिळते. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकाच्या स्पर्धेत येथे केनिया आणि वेस्ट इंडीज यांची गाठ पडली. वेस्ट इंडीज दोन वेळा जगज्जेते झालेले. केनियाचा संघ नवखा. केनियाने कशाबशा १६६ धावा केल्या. आता काय, तासा-दोन तासांत सामना संपणार, असेच सर्वांना वाटले. सामना लवकर संपला खरा. पण वेस्ट इंडीजचा डाव ९३ धावांत आटोपला! थोर फलंदाज ब्रायन लारा अवघ्या ८ धावांवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परतला. पुणेकर प्रेक्षकांनी केनियाच्या खेळाडूंचे मनापासून कौतुक केले.

“पुण्यात आणखी कोणते विक्रम झाले?” भाच्याने विचारले.

विक्रम पुष्कळ आहेत. पण मला त्यांतील एक फारच चुटपुट लावणारा वाटतो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा सामना चालू होता. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. तेव्हा जगातील सर्वांत मोठी वैयक्तिक धावसंख्या ४५२ होती आणि ती डॉन ब्रॅडमनच्या नावावर होती. म्हणजे अवघ्या १० धावा केल्या, की विश्वविक्रम! तेवढ्यात जेवणाची सुटी झाली. महाराष्ट्राच्या धावा तोवर ४ बाद ८२६ झाल्या होत्या. काठेवाडच्या कर्णधाराला आपल्या संघाची ही शोभा सहन होईना. तो पुन्हा मैदानात उतरायलाच तयार झाला नाही. त्याने सामना सोडून दिला आणि निंबाळकरांचा डाव तेथेच थांबला. त्यांना अधिकृत कसोटी सामना खेळण्याची संधीही कधी मिळाली नाही.

“जेवण थोडे उशिरा ठेवले असते तर?” भाचा हळहळला.

स्टेडियमसमोरच सारसबाग आहे. पूर्वी येथे पेशव्यांनी करविलेले तळे होते आणि तळ्याच्या मध्यभागी गणपतीचे मंदिर. म्हणून जुने पुणेकर अजूनही त्याला तळ्यातला गणपती म्हणतात. बागेस लागूनच पेशवे पार्क आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना असे. तेव्हा या परिसराला प्राण्यांची सोबत जुनीच. आमच्या लहानपणी पेशवे पार्कात वाघ-सिंह होते. पुढे कात्रज येथे १९९९ साली नवे प्राणिसंग्रहालय झाले आणि हळूहळू सारे प्राणी तिकडे गेले. आज मुंबईच्या वाटेवर, खोपोलीनजीक, आकाशात भिरकावणारे पाळणे असलेले भले मोठे क्रीडोद्यान आहे. तेथील तिकिटाचा आकडा ऐकून माझ्या पोटात आधीच पाळणा फिरतो! फुलराणीचे तसे नाही. ८ एप्रिल १९५६ रोजी सुरू झालेली ही छोटी आगगाडी कोणाला घाबरवीत नाही. ती झाडांमधून एक वळसा घालते आणि जेथून निघाली तेथेच परत येते.

आम्ही तिघे डब्यात बसलो. माझे गुडघे हनुवटीला लागले होते. गाडी सुटली, शिट्टी झाली, सारी मुले ओरडली. भाचा मात्र ओरडला नाही. थोड्या वेळाने तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मामा, आमच्या गल्लीत एक मुलगा आहे. तो ओढ्यात गेलेले चेंडू काढून आणतो. रोज येतो. स्टंपही तोच ठोकतो.”

“बरे मग?”

“त्याला आम्ही कधी बॅट दिली नाही.”

“का?”

“तो मागतच नाही,” तो म्हणाला, आणि लगेच, “आम्हीही कधी विचारले नाही.”

ताईने काही ऐकले नसावे. ती खिडकीतून हात बाहेर काढून फांद्यांना शिवण्याच्या खटपटीत होती आणि मी तिला रागावण्याच्या.

आठ दिवस भुर्रकन उडून गेले. मुले साताऱ्यास परतली. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी भाच्याचे पत्र आले. या वेळी त्यात यादी नव्हती. ‘मामा, परवा आम्ही त्याला पहिल्यांदा फलंदाजी दिली. पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. सगळे हसले, मीही थोडासा हसलो. मग ताईने पंच होऊन तो चेंडू बादच ठरविला. नंतर त्याने सात धावा काढल्या. एक चेंडू त्याने ओढ्यात मारला, तो आणायला मी गेलो. पाणी फार गार होते. चेंडू अजून सापडलेला नाही. तरी येताना एक नवा आणावा. ताईचा नमस्कार.’