स्कोअरच्या खालची ओळ

माझ्या डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमाची गाठ होती. दहा लाखांत वर्षाला २ ते ८ जणांना होणारा हा आजार. ही गाठ ॲड्रेनलिनसारखी हार्मोन्स रक्तात मनमानी ओतत राहते. वेळेत सापडली तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. सापडली नाही तर एखाद्या झटक्यात पक्षाघात किंवा हृदयविकार जिवावर बेततो. कोरोनाने माझं निदान आधी लांबवलं आणि नंतर त्याच कोरोनामुळे ते झालं.

२०२० च्या टाळेबंदीत त्रास सुरू झाला. फरशी पुसायला वाकलं की डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, अंगाला दरदरून घाम सुटायचा, चेहरा पांढराफटक पडायचा. थोड्या वेळात सगळं शांत. ओपीडी बंद, तपासणी फोनवर. फोनवर लक्षणं सांगता येतात, पण झटक्याच्या वेळचा बीपी मोजायला कुणी शेजारी नसतं. पाळी जायचं वय, त्यात साथीची धास्ती. तेव्हा घरोघरी कुणाची ना कुणाची छाती धडधडतच होती. डॉक्टरांनी धीर दिला, झोपेची गोळी लिहून दिली. त्यांच्यावरचा ताण मला दिसत होता, म्हणून मी कुणाला बोल लावत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये मला कोरोना झाला. छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन, काढला. त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, "स्कोअर किती?" म्हणजे फुप्फुसांत संसर्ग किती पसरला याचा आकडा. माझा २५ पैकी ६ आला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यावर मात्र झटके जोरात येऊ लागले. पुढे फॉलोअपला नव्या फिजिशियननी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. छातीच्या स्कॅनमध्ये बऱ्याचदा ॲड्रीनल ग्रंथीही दिसतात. स्कोअरच्या खाली एक ओळ होती : डाव्या ॲड्रीनलमध्ये गाठ, पुढील तपासणी आवश्यक.

हार्मोन्सच्या डॉक्टरांनी, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, मेटानेफ्रिनची, म्हणजे ॲड्रेनलिनपासून शरीरात बनणाऱ्या घटकाची, तपासणी सांगितली. अर्धा तास पडून राहिल्यावर रक्त घेतलं. आकडा कितीतरी पट जास्त निघाला. शस्त्रक्रियेआधी अल्फा-ब्लॉकर गोळ्या आणि सोबत भरपूर पाणी व मीठ. बीपीच्या पेशंटला मीठ वाढवायला सांगितलेलं ऐकून सासूबाई चक्रावल्या. डॉक्टरांनी समजावलं : आवळलेल्या रक्तवाहिन्या गोळ्यांनी सैल होतात, मग त्या भरायला पाणी-मीठ लागतं. नंतर दुर्बिणीतून गाठ काढली. झटके थांबले.

माझ्या अनुभवातून एवढं सांगते :

• डोकेदुखी, धडधड आणि घाम हे तिन्ही एकदम, पुन्हा पुन्हा येत असतील तर तो नुसता मनाचा खेळ समजू नका. झटका चालू असतानाच बीपी मोजा. तारीख, वेळ, आकडा, त्या वेळी काय करत होतात हे वहीत लिहा. फोनवरच्या डॉक्टरांना हीच वही उपयोगी पडते.

• मेटानेफ्रिन तपासणी रक्तातून किंवा २४ तासांच्या लघवीतून होते. चालू औषधं आधी सांगा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी निकाल बदलतो.

• निदान झाल्यावर धडधडीसाठी आधी बीटा-ब्लॉकर घेणं धोक्याचं. अल्फा-ब्लॉकर आधी, हा क्रम पाळावाच लागतो.

• स्कॅनमध्ये ॲड्रीनलची गाठ दिसली म्हणून हबकू नका. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण हार्मोन तपासल्याशिवाय तिची सुईने बायोप्सी करू देऊ नका.

• फिओक्रोमोसायटोमा साधारण तिघांतल्या एकात आनुवंशिक असतो. जनुकीय तपासणीबद्दल विचारा. गाठ काढल्यावरही दरवर्षी तपासणी चुकवू नका.

साथ आली म्हणून बाकीचे आजार रजेवर जात नाहीत. कोरोनाच्या काळात काढलेला एचआरसीटी तुमच्याही कपाटात असेल. तो आज बाहेर काढा, स्कोअरच्या खालचा मजकूर वाचा आणि काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा.