खडकाळ उतारासाठी माउंटन बाइक : निवडीचे काही निकष

सायकल चालवा, असा सल्ला आपण मधुमेहाच्या आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना वर्षानुवर्षे देत आलो आहोत. अलीकडे आपल्यापैकी काहींनी तो स्वतःही मनावर घेतला असून रविवारी पहाटे जानापाव किंवा चोरलच्या दिशेने सायकली निघू लागल्या आहेत. या मंडळींकडून, आणि त्यांच्या महाविद्यालयीन मुलांकडून तर अधिकच, एक प्रश्न हटकून येतो : दगडधोंड्यांच्या उतारावर कोणती माउंटन बाइक घ्यावी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार यंत्र आणि शरीर अशा दोन्ही अंगांनी करावयाचा आहे; कारण चुकीच्या निवडीची किंमत अखेर मनगट, खांदा किंवा पोट यांनाच मोजावी लागते.

या सायकलीचा जन्मच मुळी उतारावर झाला. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या डोंगरवाटेवर काही हौशी तरुणांनी 21 ऑक्टोबर 1976 रोजी वेळ मोजून उतरण्याची शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरच्या आत ही वाट सुमारे 400 मीटर उतरते. त्यांच्या जुन्या, जाड टायरच्या सायकलींना पेडल उलटे दाबून लावायचा, मागच्या हबमध्ये बसवलेला ब्रेक असे. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे की आतील ग्रीसचा धूर होई आणि हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच त्या वाटेला ‘रीपॅक’ हे नाव पडले.

ग्रीस का जळे, याचे गणित सोपे आहे. चालक आणि सायकल मिळून 95 किलो वजन 400 मीटर खाली आले की सुमारे 370 किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. एक लिटर पाण्याचे तापमान 89 अंशांनी वाढवण्यास ती पुरेशी आहे. हवा आणि टायर यांचा वाटा वगळला तरी उरलेली बहुतांश उष्णता ब्रेकलाच पचवावी लागते. म्हणूनच उतारासाठी सायकल पाहताना माझी नजर सर्वप्रथम ब्रेककडे जाते, शॉक-अॅब्सॉर्बरकडे नंतर. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असावेत, शक्यतो चार पिस्टनचे, आणि पुढची चकती 200 मिलिमीटरच्या आसपासची. 160 ऐवजी 200 मिलिमीटरची चकती घेतल्यास तेवढ्याच दाबात चाकावर एकचतुर्थांश अधिक बल मिळते. याचा खरा लाभ हाताला होतो. दुर्बळ ब्रेक तीन-तीन बोटांनी आवळत राहिल्यास काही मिनिटांतच प्रबाहूचे स्नायू ताठरतात, पकड सुटू लागते आणि नेमक्या त्याच वेळी दगड समोर येतो. चांगला ब्रेक एका बोटाने लागतो; बाकीची बोटे हँडल धरण्यास मोकळी राहतात.

दुसरा निकष दुकानात सहसा कोणी सांगत नाही : हेड अँगल, म्हणजे पुढच्या फोर्कचा अक्ष जमिनीशी करतो तो कोन. सपाटीवर वेगाने धावणाऱ्या क्रॉस-कंट्री सायकलीत तो 67 ते 69 अंश आढळतो, तर उतारासाठीच्या सायकलीत 63 ते 65. फरक किरकोळ वाटतो. परंतु 15 अंशांच्या उतारावर संपूर्ण सायकलच तेवढी पुढे झुकते, हे ध्यानात घ्यावे. मग 69 अंशांचा फोर्क 84 अंशांवर, म्हणजे जवळजवळ उभा होतो. शिवाय ब्रेक लावला की तो दबून आणखी उभा होतो. अशा वेळी पुढचे चाक दगडाला अडले तर चालक हँडलवरून पुढे फेकला जातो. पसरलेल्या तळहातावर पडणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगणे नलगे. स्कॅफॉइडचा अस्थिभंग पहिल्या क्ष-किरण चित्रात दिसेलच असे नाही. हाडाचा रक्तपुरवठा दूरच्या टोकाकडून येत असल्याने दुर्लक्ष झाल्यास निकटचा तुकडा मृत होऊ शकतो. हँडलचे टोक पोटात रुतून झालेली इजाही वरून क्षुल्लक दिसते आणि आत यकृत, प्लीहा वा स्वादुपिंडापर्यंत पोहोचलेली असते. उताराला साजेसा कोन ही भीती नाहीशी करीत नाही, पण पुढचे चाक शरीराच्या बरेच पुढे ठेवून सावरण्यास अवधी देतो. खाली-वर होणारी सीट, म्हणजे ड्रॉपर पोस्ट, याच कामी येते. सीट खाली गेली की चालकाला वाकून शरीर मागे नेता येते.

टायरविषयी थोडक्यात. रुंदी 2.4 ते 2.5 इंच, कडा जाड, आणि शक्यतो ट्यूबलेस. आपल्याकडे हवा ठासून भरण्याची सवय आहे. खडकावर असा कडक टायर चेंडूसारखा उसळतो. सत्तर किलोच्या चालकाने पुढे 23 आणि मागे 26 पीएसआयपासून आरंभ करावा, रिमला दगड लागू लागल्यास थोडी वाढवावी. 29 इंची चाक दगडावर कमी चढ्या कोनाने चढते, म्हणून उंच व्यक्तीने तेच घ्यावे.

आता सस्पेन्शन. येथे सर्वाधिक पैसा व्यर्थ जातो. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम येथे 2002 पासून डाउनहिल विश्वचषकाच्या फेऱ्या होत आल्या आहेत. तेथील खडकाळ मार्ग सुमारे साडेपाचशे मीटर उतरतो आणि 200 मिलिमीटर दबणाऱ्या सायकलीच तेथे शोभतात. परंतु तेथे वर जाण्यासाठी गोंडोला आहे. आपल्याकडे माळव्याचे पठार विंध्याच्या कड्यावरून निमाडात उतरते, त्या वाटांवर परत चढायचे ते स्वतःच्या पायांनी. बसून पेडल मारण्यासाठी डाउनहिल सायकल घडवलेलीच नसते. बेसाल्टच्या सुट्या दगडांच्या या वाटांना 140 ते 160 मिलिमीटरची, दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली सायकल पुरे. ती परवडत नसल्यास केवळ पुढे चांगला फोर्क असलेली हार्डटेल घ्यावी, पण स्वस्तातली ‘डबल शॉकर’ घेऊ नये. तीत स्प्रिंग असते, डॅम्पर नसतो. स्प्रिंग धक्का साठवून तसाच परत करते आणि मागचे चाक हवेत उडते.

मापाबाबत तडजोड नको. मुलगा वाढेल म्हणून एक माप मोठी सायकल घेणे शाळेच्या रस्त्यावर खपते, उतारावर नाही. लांब पडणाऱ्या सायकलीवर भार तळहातांवर येतो, ग्युऑनच्या नलिकेत अल्नर चेता दबते आणि करंगळी बधिर होते. अशी तक्रार घेऊन कोणी आल्यास मानेच्या एमआरआयआधी सायकलची चौकशी करावी.

सायकल घरी आल्यावर, पूर्ण वेशभूषेत आणि पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन तीवर उभे राहावे. वजनाने मागचा शॉक त्याच्या पूर्ण मार्गाच्या 25 ते 30 टक्के दबला पाहिजे. न दबल्यास हवा कमी करावी. संपूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. आणि पावसाळ्यात, काळी माती टायर व फ्रेमच्या मध्ये थापली जाऊन चाकच फिरेनासे होते, तेव्हा उघाड पडल्यावर दोन दिवस थांबून मगच डोंगराकडे निघावे.