टपाल तिकिटावरील दरी
(विषय : भूगोल. इयत्ता : सातवी)

भूगोलाच्या पाठास चित्राची जोड असावी हे सर्वमान्य आहे. परंतु खेड्यातील शाळेत चित्रांचा संग्रह बहुधा तुटपुंजा असतो. अशा वेळी टपालाचे एखादे तिकीटही उत्तम साधन ठरते. तिकीट हाताशी नसल्यास त्यावरील दृश्याचे रेखाचित्र शिक्षकांनी फळ्यावर काढावे.

तिकिटाची ओळख : स्वित्झर्लंडच्या टपाल खात्याने १९३४ साली देशातील निसर्गदृश्यांची एक तिकीटमाला काढली. तीतील सर्वांत कमी किमतीच्या, म्हणजे ३ राप्पेनच्या तिकिटावर आल्प्स पर्वतातील लाउटरब्रुनेन दरीचा श्टाउबबाख धबधबा आहे. तिकिटावर देशाचे नाव 'हेल्व्हेशिया' असे लॅटिन भाषेत आहे. त्या देशात जर्मन, फ्रेंच, इटालियन व रोमान्श अशा चार भाषा चालतात. त्यांपैकी कोणा एकीस झुकते माप मिळू नये, अशी ही सोय होय.

निरीक्षण : मुलांना प्रथम दृश्य पाहू द्यावे व मग पुढील प्रश्न विचारावेत.

१. पाणी खाली येताना विरल का दिसते? हा धबधबा २९७ मीटर उंचीवरून पडतो. एवढ्या उंचीवरून पडताना वाऱ्याने त्याचे तुषार होतात. 'श्टाउब' म्हणजे धूळ आणि 'बाख' म्हणजे ओढा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यावरून वाऱ्याने उधळले जाणारे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्या मुलांना हे नाव चटकन पटेल.

२. ओढा दरीत उतरत न येता कड्यावरून एकदम का कोसळतो? हा पाठाचा गाभा होय. उत्तर सांगण्याची घाई करू नये. पुढील प्रयोग करावा.

प्रयोग : अंगणात ओल्या वाळूचा लांबट ढीग करावा. त्यावर लोट्याने बारीक धार धरून लांबीच्या दिशेने एक घळ पाडावी. ती तळाशी निमुळती होते. नदीने कोरलेली दरी अशीच असते. या घळीस बाजूने येऊन मिळणारी एक उथळ घळ बोटाने आखावी. आता मुख्य घळीतून वरवंटा दाबून ओढावा. तळ रुंद व सपाट होईल, बाजू उभ्या राहतील आणि बाजूची घळ वरच लोंबकळत राहील. तीत पाणी सोडल्यास ते कड्यावरून पडेल.

वरवंटा म्हणजे हिमनदी. हिमयुगात प्रचंड हिमनदीने ही दरी खरवडून रुंद केली. बाजूच्या लहान दऱ्या तितक्या खोल गेल्या नाहीत. बर्फ ओसरल्यावर त्यांचे ओढे अधांतरी राहिले. म्हणूनच या एका दरीत ७२ धबधबे सांगितले जातात. दरीतील नदीस 'पांढरी ल्युत्शिने' म्हणतात. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचे पीठ तिच्या पाण्यात मिसळलेले असते.

समारोप : दृश्य सुंदर आहे, एवढे सांगून पाठ संपवू नये. पर्वत स्थिर दिसला, तरी त्याची घडण थांबलेली नसते. याच दरीच्या माथ्यावरील शिखरांपलीकडे, दक्षिणेस, लोत्शेनटाल नावाची दरी आहे. तेथे २०२५ च्या मे महिन्यात शिखरावरील खडक खालच्या हिमनदीवर ढासळू लागले. त्या भाराने २८ मे रोजी हिमनदीच कोसळली आणि ब्लाटेन गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. एका व्यक्तीचा बळी गेला. परंतु डोंगराच्या हालचालींवर नजर ठेवली गेल्याने सुमारे ३०० ग्रामस्थांना काही दिवस आधीच हलविण्यात आले होते. घरे गेली, माणसे वाचली. निरीक्षणाची सवय कशासाठी लावावयाची, याचे याहून स्पष्ट उत्तर मुलांना देता येणार नाही.

स्वाध्याय : (१) नदीने व हिमनदीने कोरलेल्या दऱ्यांच्या छेदाकृती काढा. (२) गावाजवळील एखादी टेकडी, घळ अथवा ओढा पाहून त्याचे चित्र तिकिटाच्या आकारात काढा. त्या जागेस तो आकार कशामुळे आला असावा, ते पाच ओळींत लिहा. (३) पावसाळ्यानंतर तीच जागा पुन्हा पाहा आणि झालेला बदल नोंदवा.